दाबाखालचा प्राणवायू



१९६० साली ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोरेमा यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शीर्षकच विलक्षण होते : ‘रक्तावाचून जीवन’. डुकरांच्या शरीरातील तांबड्या पेशी त्यांनी जवळजवळ संपूर्ण काढून घेतल्या. तरी तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायूत ते प्राणी जगले. यात चमत्कार काही नाही. एरवी शंभर मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू नुसता विरघळलेला असतो, बाकीचा हिमोग्लोबिन वाहून नेते. दाब तिपटीवर नेऊन शुद्ध प्राणवायू दिला, की विरघळलेला भाग सुमारे ६ मिलिलिटर होतो आणि विश्रांतीत शरीराची गरज भागते.

हिवाळ्यात बंद खोलीतील कोळशाची शेगडी किंवा न्हाणीघरातील गॅस गीझर यांमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते, तेव्हा हे गणित कामी येते. साध्या हवेत त्या विषाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. दाबकक्षात अर्ध्या तासाच्या आत ते साधते. पाणबुड्यांच्या दाबविकारावर तर हाच मुख्य उपचार. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तो केला जातो. किरणोपचाराने दुखावलेल्या ऊती आणि मधुमेह्यांच्या काही चिघळलेल्या जखमा यांनाही त्याचा आधार मिळतो. आधारच, कारण साखरेवरील नियंत्रण आणि जखमेची शल्यचिकित्सा त्यामुळे टळत नाही.

मात्र आता तारुण्य, तरतरी, एवढेच नव्हे तर मुलांचा स्वमग्नपणाही यानेच सुधारतो, अशा जाहिराती झळकतात. प्रकार जुनाच. १९२८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये कनिंगहॅम नामक डॉक्टरांनी पाच मजली पोलादी गोलच उभारला होता. मधुमेह, कर्करोग, सारे काही तेथे बरे होणार होते! वैद्यकीय संघटनेने पुरावा मागितला, तो मिळाला नाही. पुढे गोल भंगारात गेला. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वमग्नतेवर हा उपचार सिद्ध झालेला नसल्याचे स्पष्ट बजावले. तरीही हताश आईबाप पैसे मोजतात. त्यांना दोष कसा द्यावा?

धोका केवळ खिशाला नाही. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित झटके येतात. शुद्ध प्राणवायूत ठिणगीचा वणवा होतो. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगन राज्यातील एका खासगी केंद्रात कक्षाचा स्फोट होऊन पाच वर्षांचा मुलगा दगावला. काटेकोर रुग्णालयात रुग्णाला सुती कपडे देतात. भ्रमणध्वनी, तेल, अत्तर दाराबाहेर ठेवायला लावतात आणि कक्षापाशी प्रशिक्षित माणूस अखंड बसलेला असतो.