हाव कोणाची?

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मराठीत पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. षड्रिपूंत ज्याची गणना, तोच लोभ येथे स्नेहाचा अर्थ धारण करतो. त्यातूनच आलेला ‘लोभस’ हा शब्द तर लहान मुलाच्या चेहऱ्याला शोभतो. ‘हव्यास’ही पुष्कळदा निभावून जातो. वाचनाचा हव्यास असणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नाही. ‘हाव’ या शब्दाला मात्र अशी पळवाट नाही. ‘ज्ञानाची हाव’ म्हटले की कानाला खटकते. तिचे क्रियापदही पाहण्याजोगे आहे. इच्छा होते, आशा लागते. हाव ‘सुटते’, गुरे दावे तोडून सुटावीत तशी. अमर्यादपणा हेच तिचे लक्षण. संसारासाठी मिळवलेले धन आणि धनासाठीच मिळवलेले धन यांत ॲरिस्टॉटलने जो भेद केला, तोही मर्यादेचाच होता.

इतका नेमका शब्द हाताशी असता समाज तो वापरतो कोणासाठी? पंगतीत दुसरा लाडू मागणारे पोर हावरट. टँकरपाशी एक घागर जादा भरणारी बाई हावरी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारा मजूर मिलोच्या भाकरीवर तुटून पडला, तर तो अधाशी. वस्तुतः ही भूक. पोट भरले की ती थांबते. म्हणजे व्याख्येनेच ती हाव नव्हे. भाव चढेपर्यंत धान्य गोदामात दाबून ठेवणारा मात्र ‘धोरणी’ ठरतो. रेशनिंग शब्दांचेही असते, आणि तेही वर्ग पाहून!

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते पाणी चोरीचे नव्हते. ते रीतसर मंजूर कोट्याचे होते. कारखान्याचा व्यवस्थापक घरी कदाचित मिताहारी, सज्जन गृहस्थही असेल. ‘हाव’ हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण तो बोट दाखवतो माणसाच्या स्वभावाकडे. मार्क्सने बोट दाखवले ते स्पर्धेकडे: जो नफा पुन्हा गुंतवून विस्तार करीत नाही, तो बाजारातून उठतो, मग त्याचा स्वभाव कसाही असो. त्यामुळेच निर्लोभतेवरचे प्रवचन साखरसम्राटाच्याच मांडवात निर्वेधपणे पार पडू शकते.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा असे नाही. गावच्या सभेत ‘भांडवलसंचय’ म्हटले की निम्मी सभा जांभया देते. ‘हाव’ म्हटले की म्हातारीलाही कळते. पण कार्यकर्त्याने तेथे थांबता कामा नये. हाव सुटली हे खरे. दावे कोणी सोडले? कोटा कोणत्या नियमाने मंजूर झाला? राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्याच्यामागे शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या स्थानी आली. घागरीवरून एकमेकींना हावरी म्हणणाऱ्या बायांपैकी कितीजणींना ही अदलाबदल कोणी जाऊन सांगितली?