बाळाआधी आईचं वजन



स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि आशाताई आज एकाच मांडवाखाली बसल्या आहेत, म्हणून हा विषय घेतला. तो आपल्यापैकी कुणा एकाचा नाही, आणि त्यामुळेच बेवारस राहिला आहे.

लठ्ठ मूल समोर आलं की आपण वडापाव, बिस्किटं, मोबाइल यांची चौकशी करतो. करायलाच हवी. पण दिवस जाण्याआधी त्याच्या आईचं वजन किती होतं, हे क्वचितच विचारलं जातं. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि त्या साखरेची चरबी साठते. हे सगळं पहिल्या बिस्किटाच्या कितीतरी आधी घडतं.

यावर आनुवंशिकतेकडे बोट दाखवलं जातं. पण कॅनडातल्या क्विबेकमध्ये वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची मुलं तपासली गेली. शस्त्रक्रियेनंतर जन्मलेल्यांत तीव्र लठ्ठपणा आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा बराच कमी होता. आई तीच, फक्त गर्भारपणातलं तिचं शरीर बदललं होतं.

आपल्याकडे मात्र गोष्ट इथेच संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, गर्भारपणाआधी सरासरी ४२ किलोंच्या आसपास वजन असलेल्या या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे बारीक आईच्या हडकुळ्या बाळातही पुढच्या स्थूलपणाची आणि मधुमेहाची तयारी असू शकते. काळजी फक्त जाड आईची, हा समज आपण सोडला पाहिजे.

घरोघरी मात्र दोघींना सल्ला एकच: दोन जिवांची आहेस, पोटभर खा. तूप-लाडवांचा डबा दोघींकडे सारखाच पोचतो. २००९ मधल्या अमेरिकी शिफारशींनुसार कमी वजनाच्या बाईने गर्भारपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावं, लठ्ठ बाईने पाच ते नऊच. हे आकडे आपल्या बायकांसाठी जसेच्या तसे घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण सल्ला दोघींना वेगळा हवा, हे नक्की.

आणि तो वेळेवर हवा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये जादा वजनाच्या दोन हजारांहून अधिक गर्भवतींवर प्रयोग झाला. निम्म्या जणींना आहार-व्यायामाचा नीट सल्ला मिळाला. चार किलोंवरची बाळं काहीशी कमी झाली, पण गर्भवयाच्या मानाने मोठ्या बाळांचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या ‘सरस’ प्रकल्पात मात्र पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ गर्भ राहण्याआधीपासून रोज दिला गेला. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात गर्भारपणातला मधुमेह ७.३ टक्के निघाला. ज्यांना दुसरा, कमी पोषक खाऊ मिळाला त्यांच्यात १२.४ टक्के. माझ्या मते आपल्या कामाची दिशा यातून स्पष्ट होते.

एक विनंती कळकळीने करतो. यातलं काहीही आईवर दोष म्हणून टाकू नका. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला तिच्या वजनाचा जाब विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. घरच्यांशी, सासूबाईंशी, नवऱ्याशी बोला.

नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली आशाताईंना माहीत असतात. त्यांचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तेव्हाच नोंदवू या. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्याचं वजन आपण घेतोच. त्याच दिवशी, त्याच खोलीत, आईलाही काट्यावर उभं करा आणि पुढच्या गर्भारपणाआधीची नोंद म्हणून तो आकडा तिच्या कार्डावर लिहा. पुढच्या लसीकरणाच्या दिवसापासून हे सुरू करा.