गिरणी, खाण आणि मतपेटी

(चंदगड येथे दिलेल्या व्याख्यानाचा काही भाग)



ब्रिटनच्या मजूर पक्षाविषयी चंदगडात बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांस वाटले असेल. २०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी तेथे सार्वमत झाले. संडरलँड या जहाजबांधणीच्या जुन्या शहरात सुमारे ६१ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने गेली. लंडनच्या हॅकनी भागात ७८ टक्क्यांहून अधिक मते नेमकी उलट पडली. दोन्ही ठिकाणे मजूर पक्षाचे बालेकिल्ले! ही फूट वेतनावरून पडली नव्हती. परकीयांचे आगमन, राष्ट्राभिमान, शिक्षण यांवरून ती पडली. २०१९ साली बोल्सोव्हरसारखा खाणकामगारांचा मतदारसंघही हुजूर पक्षाकडे गेला. २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला खरा, परंतु सुमारे ३४ टक्के मतांवर. नव्या रिफॉर्म पक्षाने १४ टक्के मते खेचली.

हे वाचताना मला परळ आठवते. १९५६ साली समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले. त्याच वर्षी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आपला तालुका तेवढा वगळून. समितीत भाषा आणि भाकरी एकाच ताटात होत्या. १९६० साली राज्य मिळाले आणि आम्ही भाषेचा प्रश्न फडताळात ठेवून दिला. १९६६ मध्ये शिवसेनेने तो उचलला. १९७० साली कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक विजयी झाले व सेनेला पहिला आमदार मिळाला, तोही गिरणगावातून.

आमच्या ओळखीचे एक गिरणीकामगार सुट्टीत गावी आले की म्हणत, "सर, पगाराला लाल बावटा, मताला भगवा." अर्थशास्त्र नुकतेच शिकून आलेल्या मी त्यांना वर्गजाणिवेवर तासभर सुनावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मत मात्र बदलले नाही.

तथापि त्या माणसांना भाकरीचे भान नव्हते असे कोण म्हणेल? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही दत्ता सामंत मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, ब्रिटनचे खाणकामगार वर्षभर लढून हरले. पुढे इकडे गिरण्या गेल्या, तिकडे खाणी गेल्या. माझ्या मते, मूल्यभेद तेव्हा नव्याने जन्मले नाहीत. ते पूर्वीही होतेच. भिन्न श्रद्धांची माणसे जेथे एकत्र बसून पगाराचा विचार करीत, ती जागाच नाहीशी झाली. चाळीत शाखा उरली, युनियनचे कार्यालय ओस पडले.

काही मित्र सुचवितात की मग आपणही अस्मितेचा झेंडा घ्यावा. मला ते मान्य नाही. साठीच्या दशकात दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांवर व हॉटेलांतल्या पोऱ्यांवर जे गुदरले, ते मी विसरू शकत नाही. परंतु सीमेपलीकडचा मराठी शेतकरी मराठीतून कागदपत्रे मागतो, तेव्हा त्याला संकुचित ठरविणाऱ्या आमच्या शहरी साथींशीही माझे भांडण आहे. त्याला आपल्याच जमिनीचा उतारा वाचता येत नाही. हा प्रश्न सांस्कृतिक म्हणायचा की आर्थिक, हे त्यांनी येथून तासाभरावरच्या बेळगावला जाऊन त्यालाच विचारावे.