नारू, बारव आणि गवंडी

आज परंड्याच्या बाजूनं नारूची गोष्ट बघू.

काळ दोन महायुद्धांच्या मधला. परंडा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शीला १८६५ पासून नगरपालिका, १८९७ पासून छोटी रेल्वे. पण रोग काही नाक्यावर थांबून कर भरत नाही. पंढरीच्या वाटेवर पटकी यायची, आणि गावागावांत नारू तर ठाण मांडूनच बसलेला.

नारू म्हणजे हात-दीड हात लांब, दोऱ्यासारखा जंत. पायाला फोड येतो, फुटतो, आणि जंत डोकं बाहेर काढतो. जाणती माणसं तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायची. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. ऐन पेरणीत घरचा कर्ता असा पडला, तर वर्ष गेलंच म्हणायचं!

आता बारव आठवा. पाणी भरायला माणूस पायऱ्या उतरतो, आग होणारा पाय पाण्यात बुडवतो. बरं वाटतं हो! पण त्याच क्षणी जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. ती सूक्ष्म पाणकिडे गिळतात, ते किडे आपण पितो, आणि साधारण वर्षानं नवा फोड. फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानं १८७० च्या सुमारास हे पाणकिड्याचं दुवेपण दाखवलं. पुढं मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत डॉ. तर्खड यांनीही नारूवर काम केलं.

म्हणजे कारण माहीत होतं, औषध मात्र नव्हतं. आजही नाही. लसही नाही. उपाय गवंड्याच्या हातात: पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, रहाट लावा. निजामाच्या राज्यात विहिरींचं वेगळं खातं होतं ते उगाच नाही. आणि घरात दुहेरी फडक्यानं पाणी गाळा, बस्स. पटकीसाठी विहिरीत लाल औषध टाकायचे, तेव्हा पाण्याचा रंग बघूनच लोक बिचकायचे. फडक्याला रंगही नाही, पैसाही नाही. पण रोज गाळायचं कोणी? बाईनंच. शेतात तहान लागली, तर ओढ्याला फडकं कुठून आणणार? माझ्या मते सगळं इथंच अडलं.

देशव्यापी मोहीम सुरू व्हायला १९८० चं दशक उजाडलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त ठरवला.

तुमच्या घरात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घोट्याजवळ जुना व्रण असेल, तर विचारा बरं कशाचा ते. आणि कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचे, तेही.