किनाऱ्याजवळचे पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुधनीचा माणूस समुद्रावर बोलणार म्हटल्यावर आमच्या अडत बाजारातले मित्र हसले. त्यांचे बरोबर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर, नाहीतर टँकर. समुद्र इथून तीनशे किलोमीटरांहून लांब. पण भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास ज्यांनी घेतला, ते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीला. तिथेही लाटा येत नाहीत. तेव्हा थोडा हक्क आम्हा कोरडवाहू लोकांनाही आहे, असे मी धरून चालतो.

आवटींची कल्पना प्रत्यक्षात आणली नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी त्यांच्यासाठी छपन्न फुटी ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. बरोबर नऊ महिने. त्याआधीची तयारी मात्र २००६ पासूनची, म्हणजे तीन वर्षांची. लोक या प्रवासातल्या केप हॉर्नबद्दल, तिथल्या डोंगराएवढ्या लाटांबद्दल विचारतात. मला त्यातले मुंबईजवळचे पहिले आणि शेवटचे मैल जास्त विचारात पाडतात. मधल्या महासागरात होडीला धडकायला फारसे काही नसते. किनाऱ्याजवळ सगळेच असते.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई तिथून जवळच होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली. डझनाहून अधिक जीव गेले, तेही भर दुपारी आणि बंदराच्या तोंडाशी.

आता समजा, दोघा-तिघांना लहान शिडाच्या होडीतून मुंबईहून गोव्याला जायचे आहे. अंतर सुमारे २२० सागरी मैल, म्हणजे चारशे किलोमीटरांच्या आसपास. होडीचा वेग ताशी पाच सागरी मैल धरला तर चव्वेचाळीस तास. कागदावर दोन दिवसांचे काम. पण कागदावर झोप नसते, आणि दुसरे कोणी वाटेत नसते.

आधी ऋतू. पावसाळा वर्ज्य, हे सांगायला नको. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करतात, त्यानंतरच समुद्र खुला मानतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तेव्हा दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो. गोव्याकडे जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो. परतताना तोच वारा तोंडावर. म्हणून योजना आखताना आधी परतीचा हिशेब करावा, असे माझे मत. जाणे दोन दिवसांचे असेल तर येण्याला चार धरावेत.

मग भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते; गोव्यात त्याच्या निम्मेही नाही. मुंबईच्या भरतीसाठी जुन्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आमच्या घरात हिजरी महिने मोजतात. तेही चंद्राचेच, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या फरकाने आमच्याही कॅलेंडरवर हा पाढा चालतो. अर्थात, प्रत्यक्ष निघताना छापील भरतीचे कोष्टकच हवे. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. तिथे चढत्या पाण्यातच शिरावे. उतरत्या पाण्यात होडी वाळूत रुतली तर पुढची भरती येईपर्यंत लाटांचा मार खायचा.

खरा पेच वाटेचा. किनारा धरून गेले तर मासेमारीची जाळी. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोल जाळी समुद्राच्या तळाशी खुंटांना बांधलेली असतात. वर फक्त तरंगते बोये, आणि ते रात्री दिसत नाहीत. पंख्यात दोर अडकला की इंजिन गेले. जाळी टाळायला खोल पाण्यात गेले तर मोठ्या जहाजांची वाट. मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची ये-जा एकाच तोंडातून चालते. पुढे दाभोळ आहे, जयगड आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि बंदरे काही दिवस बंद ठेवावी लागली. अर्धवट बुडालेला कंटेनर रात्री लहान होडीसमोर आला तर काय होईल, याची कल्पना करा.

लहान होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच असतात. त्याचे क्षितिज तीन सागरी मैलांवर संपते. जहाजाचे वरचे मजले त्याआधी दिसू शकतात, पण हवेत धुरकट असेल तर तीन मैल म्हणजे तीनच मैल. जहाजाचा वेग पंधरा, होडीचा पाच. समोरासमोर आले तर हे अंतर नऊ मिनिटांत संपते. चहा करायला खाली गेलेला माणूस वर येईपर्यंत. आणि जहाजावरून होडी दिसतेच असे नाही. नाळेच्या अगदी पुढचे पाणी, कधी कधी पाचशे मीटरपर्यंतचे, वरच्या माणसाला दिसतच नाही. भरलेले जहाज थांबवायचे ठरवले तरी थांबायला त्याला काही किलोमीटर लागू शकतात.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. मोकळ्या पाण्यात इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यावी, असे ते सांगतात. ऐकायला छान वाटते. पण तेच नियम असेही म्हणतात की, अरुंद मार्गात शिडाच्या किंवा वीस मीटरहून लहान नौकेने मोठ्या जहाजाला अडथळा करू नये. आणि मासेमारी चालू असलेल्या नौकेला शिडाच्या होडीनेच वाट द्यावी. आमच्याकडे रेल्वे फाटकात बैलगाडीवाला हक्काचा विचार करत नाही. तो इंजिनाकडे बघतो. शिवाय त्याच्यासाठी फाटक तरी असते.

रात्री ओळख दिव्यांवरून. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. एकच दिसला तर ते कुणीकडे तोंड करून आहे ते कळते. दोन्ही एकदम दिसले तर जहाज थेट आपल्या रोखाने येत आहे. मी कवी माणूस. लाल-हिरव्या दिव्यांवर ओळ सुचायला मला वेळ लागत नाही, पण ही माहिती वाचल्यावर काही सुचले नाही. दुसरी खूण दिवसाही चालते: होडी सरळ चालली असताना समोरचे जहाज एकाच दिशेला दिसत राहिले आणि मोठे होत गेले, तर टक्कर ठरलेली. लवकर आणि ठळकपणे वळावे, म्हणजे समोरच्यालाही आपला इरादा कळतो.

म्हणून माझ्या मते चव्वेचाळीस तासांची सलग दौड नको. एकट्याने तर नकोच. दोंदे एकटे गेले, पण तीन वर्षांच्या तयारीने गेले. दिवसा चालावे, रात्री लंगर टाकावा: मुंबईहून जंजिरा, मग दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण आणि मग आग्वाद. लंगर, बंदर, दर्या, खलाशी, सुकाणू, नाखवा, हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडात रुळले. आमच्या दखनी घरातून ते मला आधीच ओळखीचे होते. समुद्र नंतर दिसला.

सोबत कागदपत्रे हवीत. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाच्या मच्छीमार नौकेतून आले, तेव्हापासून लहान होडीकडे संशयाने पाहिले जाते. जिथे थांबणार तिथे आधी कळवलेले बरे. व्हीएचएफ संच सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवावा. डोलकाठीवर रडारला दिसेल असा धातूचा परावर्तक बांधावा. जीवरक्षक जाकिटे अंगावर हवीत, पेटीत नकोत.

आणि एक कागद किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस दुधनीत बसलेला असला तरी चालतो. त्यावर होडीचे नाव, रंग, कोण कोण आहे, कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात असणार, हे लिहायचे. खाली एक वेळ लिहायची: त्या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर आणखी तासभर वाट न पाहता तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचे.