राधिकेचा सूड आणि आपली कागदांची पिशवी

(सामुदायिक रेडिओवरून ऐकवलेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी रानातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी बचतगटाच्या बैठकीत मधोमध मोबाईल ठेवून बसल्या असाल. आज ज्या विषयावर बोलायचंय, तो हप्ता गोळा व्हायच्या आधीच बैठकीत निघतो. विषय आहे टीव्हीवरच्या मालिका. त्यातही एकच मालिका घेऊ, म्हणजे बोलणं भरकटणार नाही. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय: ‘माझ्या नवऱ्याची बायको’.

झी मराठीवर ही मालिका ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. साडेचार वर्षं! सुरू झाली तेव्हा ज्यांची पोरगी पाचवीत होती, त्यांची पोरगी संपली तेव्हा नववीत गेली होती. नागपूरकडची, साधी, आपल्या बोलीत बोलणारी राधिका. तिचा मुंबईत मोठ्या नोकरीला असलेला नवरा गुरुनाथ. आणि त्याच्या आयुष्यात आलेली शनाया. राधिका झाल्या होत्या अनिता दाते, गुरुनाथ झाले होते अभिजित खांडकेकर. शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील. शनाया दोनदा बदलली तरी आपला राग काही बदलला नाही, बघा.

आता कुणी म्हणेल, मालिका बघणं म्हणजे वेळ घालवणं. मी तसं म्हणणार नाही. दिवसभर राबून बाईनं अर्धा तास स्वतःसाठी घेतला, तर तो तिचा हक्काचा आहे. आणि मालिकांनी बायकांचं नुसतं वाईटच केलं असंही नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी आपल्या देशातल्या खेड्यांत केबल टीव्ही आल्यावर काय बदललं याचा अभ्यास केला. तो २००९ साली छापून आला. ज्या गावांत केबल पोचली, तिथल्या बायका ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ असं कमी म्हणू लागल्या आणि ‘मुलगाच हवा’ हा हट्टही कमी झाला, असं त्यांना दिसलं. पडद्यावरची बाई घराबाहेर पडते, कमावते, उलट बोलते, हे रोज पाहिलं की त्यातलं थोडं आपल्यातही उतरतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा, की राधिकेकडून आपण काय घेतलं आणि काय घ्यायचं राहून गेलं?

आधी मालिका कशी चालते ते पाहू. अशा मालिकांना इंग्रजीत ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. सोप म्हणजे साबण. हे नाव रेडिओमुळे पडलं, आपल्या रेडिओच्याच भाऊबंदांमुळे. साधारण १९३० नंतर अमेरिकेत दुपारच्या वेळी घरात काम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोज गोष्टी लागायच्या आणि त्यांचा खर्च साबण विकणाऱ्या कंपन्या करायच्या. गोष्ट ऐकायला बाई थांबली की साबणाची जाहिरात तिच्या कानावर पडणार. आजही हिशेब तोच आहे. अर्ध्या तासात गोष्ट असते वीस-बावीस मिनिटं, बाकी जाहिराती. किती लोकांनी मालिका पाहिली याचे आकडे दर आठवड्याला येतात आणि त्यावर पुढची गोष्ट वळते.

याचा अर्थ काय? पिडलेल्या बाईचा निकाल लवकर लागला तर मालिका संपेल, आणि मालिका संपली तर जाहिराती थांबतील. म्हणून राधिकेनं एक डाव टाकायचा, शनायानं उलटवायचा, गुरुनाथनं माफी मागायची आणि सोमवारी पुन्हा तेच करायचं. लेखकाला राधिकेचं भांडण मिटवायची घाई नसते. आपल्याला मात्र आपल्या आयुष्यात घाई असते, कारण पोरांची शाळा, घरातलं धान्य आणि डोक्यावरचं छप्पर उद्याच्या भागाची वाट पाहत नाहीत.

दुसरी गोष्ट कपड्यांची. मालिकेत बाई झोपेतून उठते तरी तिच्या ओठांवर लिपस्टिक असते, ते सोडून देऊ. पण कुणावर प्रेम करायचं आणि कुणाचा राग करायचा हे आपल्याला कपड्यांवरून कळवलं जातं. साडी, टिकली, मंगळसूत्र म्हणजे चांगली. तोकडे कपडे आणि मोकळे केस म्हणजे घर फोडणारी. हे इतकं अंगवळणी पडतं, की तालुक्याला कॉलेजात जाणारी आपल्याच गावची पोर जीन्स घालून एसटीतून उतरली, तर पारावरची माणसं तिला ‘शनाया’ म्हणतात. त्या पोरीनं कुणाचं काय बिघडवलं?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. मालिकेचं नाव पुन्हा म्हणून बघा: माझ्या नवऱ्याची बायको. भांडण कुणाचं? दोन बायकांचं. ज्यानं लग्नात शब्द दिला आणि मोडला, तो गुरुनाथ मात्र बराचसा विनोदाचा विषय झाला. त्याची फजिती झाली की आपण खळखळून हसलो. फसवलं त्यानं आणि शिव्या खाल्ल्या शनायानं.

आपल्या गावांतही हेच होतं. माझ्या ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवरा शहरात कामाला. तिथं त्यानं दुसरा संसार थाटला, हे गावात कळलं. गटातल्या बाया पेटल्या. गाडी करून जाऊ, तिच्या झिंज्या धरून चाळीभर फिरवू, असं ठरलं. वर्गणीही निघाली. त्या बैठकीत एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “रेशनकार्डावर हिचं नाव हाय का?”

सगळ्या गप्प झाल्या. कार्डावर पहिलं नाव सासूचं होतं आणि कार्ड सासूच्याच ट्रंकेत होतं. मग मावशींनी एकेक विचारायला सुरुवात केली. लग्न नोंदवलंय का? नवऱ्याचा पगार कोणत्या बँकेत होतो? जमीन कुणाच्या नावावर? माहेरचं सोनं कुठंय? ताईंना एकाचंही उत्तर धड देता येईना. झिंज्या उपटायला निघालेली गाडी त्या दिवशी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी तीच वर्गणी घेऊन चार जणी ताईंबरोबर तालुक्याला गेल्या.

समजा, ती गाडी गेली असती. मारामारी झाली असती तर पोलिसांत तक्रार कुणावर झाली असती? आपल्यावर. नवरा घरात बसून राहिला असता, आणि कोर्टात सांगायला त्याला कारण मिळालं असतं, की बायको भांडकुदळ आहे.

आता तालुक्याला जाऊन काय मिळतं ते नीट ऐका. शक्य असेल तर एकीनं लिहून घ्या.

पहिलं, घर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सांगतो, की नवऱ्याबरोबर जिथं संसार केला त्या घरात राहायचा बाईला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. सासऱ्याच्या नावावरच्या घरातही असा हक्क मागता येतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. आणि हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन काढून घेणं, टोचून बोलून जीव नकोसा करणं, हेही त्या कायद्यात बसतं. यासाठी सरकारनं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तक्रार लिहून घेणं आणि कोर्टापर्यंत पोचवणं हे त्यांचं काम आहे.

दुसरं, पोटगी. जो नवरा सांभाळत नाही त्याच्याकडून स्वतःसाठी आणि मुलांसाठी पोटगी मागता येते. अर्ज केल्याच्या तारखेपासून ती धरायची, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलंय. म्हणून ‘बघू, सुधारेल’ म्हणत अर्ज पुढं ढकललात, तर ते महिने वाया जातात. दोघांनीही आपली कमाई आणि मालमत्ता शपथेवर लिहून द्यायची असते. नवरा खोटं लिहील, म्हणून आपल्याकडं त्याच्या कमाईचा पुरावा हवा.

तिसरं, दुसरं लग्न. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या माणसानं पहिली बायको असताना, घटस्फोट न घेता दुसरं लग्न केलं, तर ते लग्नच धरलं जात नाही. तो गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण लग्न न करता नुसतं कुणाबरोबर राहिला तर? व्यभिचाराचं जुनं कलम सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. त्यामुळे त्यासाठी आता तुरुंग नाही. त्या कारणानं घटस्फोट मात्र मागता येतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण गावात दोन्ही बाजूंनी अर्धवट ऐकलेलं सांगणारे पुष्कळ असतात.

चौथं, वकील. बाईला सरकारी विधी सेवेतून वकील फुकट मिळतो. तिची कमाई कितीही असली तरी मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा. फोन करायचा तर कायद्याच्या मदतीसाठी १५१००, आणि अडचणीत सापडलेल्या बाईसाठी १८१.

हे सगळं मालिकेसारखं झटपट होत नाही. हिंसाचाराच्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, साहेब रजेवर असतात, समोरचा वकील येत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आपल्याच पदराला. पण निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश मागता येतो, तो पहिल्याच अर्जात मागा. आणि प्रत्येक तारखेला एकटीनं जाऊ नका. गटातल्या एकीनं बरोबर जायचं, पाळी लावून. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघी बसलेल्या दिसल्या की समोरच्याचाही आवाज खाली येतो.

असं एकत्र जाणं आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात ‘टाकलेली बाई’ हा शब्द गिळून घरात बसणाऱ्या बायांना ऐंशीच्या दशकात लोकांनी एकत्र आणलं. संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाची मंडळी, सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या साथीदार. त्या बायांनी काय मागितलं? सवतीचा सूड मागितला नाही. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, पोटगी मागितली, राहायला जागा मागितली. ‘नवऱ्यानं टाकली’ या लाजेतून त्या मोर्च्यात आल्या आणि नागरिक म्हणून बोलल्या. आज रेशनकार्डावर घरातल्या मोठ्या बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागतं, ते २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे. पण मघाच्या ताईंसारखं ते नाव सासूचं असलं, तर आपलं नाव खाली तरी आहे ना, हे पाहायला हवं.

आता राधिकेकडं परत येऊ, कारण तिच्याकडून घेण्यासारखं एक आहेच: तिचे मसाले. शनायाला हरवण्यासाठी तिनं केलेल्या शंभर युक्त्या मी विसरले, पण तिनं मसाल्यांचा धंदा उभा केला ते विसरले नाही. तुम्हीही विसरला नाहीत. आपल्यातल्या कित्येक गट कांडप यंत्र घेऊन मसाला, चटण्या, पापड करतात. मालिकेत ती कंपनी बघता बघता कोट्यवधींची झाली, त्यावर लोक हसलेही. कारण मिरची कुठून घेतली, देठं खुडायला कोण बसलं, उधारी किती थकली, अन्नपदार्थ विकायचा परवाना कधी काढला, हे पडद्यावर फारसं येत नाही. आपल्याला हे सगळं माहीत आहे. मिरची कांडताना डोळ्यांतून येणारं पाणीही माहीत आहे. म्हणून कोटींची गोष्ट बाजूला ठेवा आणि एकच विचारा: धंद्याचा पैसा कुणाच्या खात्यात जमा होतो? खात्याचा मोबाईल नंबर कुणाचा? संदेश कुणाच्या फोनवर येतो? मसाला आपण कांडायचा आणि एटीएमचा पिनकोड नवऱ्याला ठाऊक, असं असेल, तर राधिकेचं अर्धंच शिकलो आपण.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं कापडी पिशवी आणायची. त्यात झेरॉक्स असतील: लग्नाच्या नोंदणीचा दाखला, तो नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, आपलं पासबुक, घराचा नमुना आठ, जमिनीचा सातबारा, माहेरहून आलेल्या सोन्या-भांड्यांची यादी. लग्न नोंदवलं नसेल, तर नवरा चांगला असतानाच दोघं मिळून ग्रामपंचायतीत जा. सातबारा नवऱ्याला न विचारताही पाहता येतो. ही पिशवी घरात नको. ती गटातल्या विश्वासाच्या बाईकडं किंवा आईकडं ठेवा.

ही पिशवी फक्त रडणाऱ्या बाईसाठी आहे असं समजू नका. ज्यांचा संसार सुखाचा आहे त्यांनाही लागते. नवरा अचानक गेला तर पेन्शनला, विम्याला, वारसनोंदीला हेच कागद लागतात.

मग रात्री मालिका खुशाल बघा. गुरुनाथाची फजिती झाली की हसा. शनायाला शिव्या घालायच्या तर घाला, पण त्यातल्या दोन गुरुनाथासाठी राखून ठेवा.

पुढच्या बैठकीत किती पिशव्या आल्या ते आम्हाला रेडिओवर कळवा.