मैदान आणि पुस्तक
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि लगेच वडिलांच्या गादीवर बसलो. विद्यार्थ्यांना उपदेश करण्याइतकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. तथापि बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा पदरी असलेला एक अनुभव, तोही स्वतःच्या चुकीचा, आपणापुढे ठेवावा असे ठरविले.

सन २००० मध्ये माझा मुलगा दहावीत गेला. तो शाळेच्या खो-खो संघात होता. जून महिन्यातच मी त्याचे बूट दुकानाच्या माळ्यावर टाकले आणि बजावले, "वर्षभर खेळ बंद. आधी गुण, मग मैदान." त्याने एका शब्दानेही विरोध केला नाही. सायंकाळचे दोन तास अभ्यासाला मिळतील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात ते दोन तास पुस्तकासमोर पेंगण्यात गेले. निकाल लागला, तेव्हा गुण नववीइतकेच होते. खेळ मात्र कायमचा सुटला. जमेच्या बाजूला काही आले नाही आणि नावे मात्र मोठी रक्कम पडली. असा व्यवहार दुकानात केला असता, तर वडिलांनी मला गादीवरून उठविले असते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याच महाराष्ट्रात कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. आणि जोडीला कुस्ती अखंड चालू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत घडलेल्या या तरुणास मॅटवर लढावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. तेवढ्यावर समाधान न मानता पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यांचा जन्मदिवस आज महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. घर गहाण ठेवणारे गृहस्थ आखाड्यातले वस्ताद नव्हते, ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुस्तकांत आयुष्य घालविलेल्या माणसाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर पणाला लावले. आणि मी मात्र बूट माळ्यावर टाकले!

दुसरे उदाहरण राहुल द्रविड यांचे. त्यांनी बंगळूर येथे वाणिज्य शाखेची पदवी घेतली. एम.बी.ए.चा अभ्यास चालू असताना त्यांची भारतीय संघात निवड झाली आणि १९९६ मध्ये लॉर्ड्सवरील पहिल्याच कसोटीत त्यांनी ९५ धावा केल्या. अर्थात प्रत्येकास असे यश लाभत नाही. एखादी दुखापत होते आणि खेळ थांबतो. तेव्हा हाती शिक्षणच राहते. म्हणून मैदानासाठी पुस्तकाकडे पाठ फिरवू नका. तसेच दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, केवळ तेवढ्यासाठीही खेळू नका. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची जी सवय मैदान लावते, तीच गणिताच्या पेपरात उपयोगी पडते.

या वर्षी तोच प्रश्न पुन्हा माझ्या घरी आला. माझी नात दहावीत आहे आणि ती चारशे मीटर धावते. माझा मुलगा, ज्याचे बूट मी माळ्यावर टाकले होते, मला विचारू लागला, "अण्णा, हिचे मैदान बंद करायचे का?" क्षणभर मला उत्तर सुचेना. मग म्हणालो, "मैदान तिच्याकडे राहू दे. आपण डब्याचे बघू." सूर्यास्तापूर्वी जेवणाचा आमच्या घरी नियम. म्हणून सूनबाई साडेपाचला डबा घेऊन मैदानावर जातात. सहामाहीत नातीला गणितात गुण कमी पडले. आम्ही कोणी काही बोललो नाही. तिनेच सायंकाळचा सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणला आणि पहाटेचा तसाच ठेवला. दोन्हीकडे पुढे जाण्याची खरी ओढ असली, की मुले आपला हिशेब आपण मांडतात. आपण वडीलधाऱ्यांनी तो खोडू नये.

शेवटी विश्वस्त मंडळास दोन नम्र विनंत्या. आपली अभ्यासिका रात्री आठला बंद होते. मैदानावरून येणाऱ्या मुलांसाठी ती दहापर्यंत उघडी ठेवावी. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांच्या रकान्याशेजारी खेळाचाही एक रकाना असावा.

आज सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन.